३४ टक्क्यांची खोली

दोन किलोचा सीओटूचा बाटला तुम्ही रोज बघता. सोसायटीच्या मीटर रूमबाहेर, बँकेच्या कोपऱ्यात, डॉक्टरांच्या रिसेप्शनमागे. लाल रंगाचा, पुढे काळा भोंगा, वर पिन आणि खटका. आतली जागा जेमतेम तीन लिटरची. त्या तीन लिटरमध्ये कार्बन डायऑक्साइड दाबून, द्रवरूप करून बसवलेला असतो. खटका दाबून सगळा सोडला, की त्याचा सुमारे ११०० लिटर वायू होतो. साडेतीनशे पटींहून जास्त.

आता दहा बाय दहाची खोली घ्या, उंचीही दहा फूटच धरू. आत साधारण २८ हजार लिटर हवा मावते. दारं-खिडक्या बंद असताना हे ११०० लिटर त्यात मिसळले, तर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जवळजवळ ४ टक्क्यांवर जातं. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी ‘नायोश’ ही अमेरिकी सरकारी संस्था ज्या पातळीला ‘जिवाला तात्काळ धोका’ म्हणते, ती पातळी या वायूसाठी ४ टक्केच आहे. साडेचार किलोचा बाटला असेल तर आकडा ८ टक्क्यांच्या पुढे सरकतो. आणि तोच दोन किलोचा बाटला सहा माणसांच्या लिफ्टमध्ये, साधारण अडीच घनमीटर जागेत, पंखा बंद धरून रिकामा केला, तर ३५ टक्के. या ३५ च्या आकड्याकडे थोड्या वेळाने परत यायचं आहे.

हे वाचून कुणी बाटला भिंतीवरून उतरवू नये. आगीने आपल्या देशात दरवर्षी हजारो माणसं जातात. भिंतीवरच्या बाटल्याने वाचलेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. बाटला वापरावा, आग विझली की बाहेर पडावं, खिडक्या उघडाव्यात. मला बोलायचं आहे ते हाताने उचलायच्या बाटल्याबद्दल कमी आणि छतातून, भिंतीतून, पाइपातून आपोआप सुटणाऱ्या वायूंबद्दल जास्त. त्यांना धंद्यातले लोक ‘फ्लडिंग’ म्हणतात, आणि ते नाव अगदी नेमकं आहे. खोली वायूने भरून काढायची, आगीला जागाच ठेवायची नाही.

जहाजाच्या इंजिन रूमपासून सुरुवात करू. आंतरराष्ट्रीय सागरी नियम सांगतात, की इंजिन रूमच्या घनफळाच्या ४० टक्के भरेल एवढा कार्बन डायऑक्साइड जहाजावर हवा, आणि त्यातला ८५ टक्के वायू दोन मिनिटांत आत पोचला पाहिजे. पाच हजार घनमीटरची इंजिन रूम धरली, तर दोन हजार घनमीटर वायू लागतो. नियमातलाच हिशेब लावला तर वजन होतं साडेतीन टनांच्या वर. ४५ किलोचे ८० सिलिंडर एका वेगळ्या खोलीत रांगेने उभे. सुटले, की सेकंदाला २५ किलो वायू आत घुसतो. सिमेंटच्या अर्ध्या गोणीएवढं वजन, दर सेकंदाला, सलग दोन मिनिटं.

याच वायूचं दुसरं माप आपल्या छातीत आहे. धडधाकट माणूस दिवसाभरात श्वासावाटे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. म्हणजे त्या इंजिन रूममध्ये दोन-तीन मिनिटांत एका माणसाचा जवळजवळ दहा वर्षांचा उच्छ्वास ओतला जातो.

आता लिफ्टमधल्या त्या ३५ कडे परत, म्हणजे त्याच्या शेजारच्या ३४ कडे. कार्बन डायऑक्साइडने आग विझवायची तर खोलीत किमान ३४ टक्के प्रमाण हवं, असं हे शास्त्र सांगतं. खोल धुमसणाऱ्या आगीला, केबलच्या गठ्ठ्यांना, कागदाच्या थप्प्यांना त्याहून बरंच जास्त लागतं. बाहेरच्या हवेत हा वायू असतो ०.०४ टक्के. म्हणजे आग विझवणाऱ्या खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा आठशे पटींहून गडद. माणसाचं काय होतं? ७ ते १० टक्क्यांना डोकं ठणकतं, धाप लागते, काही मिनिटांत शुद्ध हरपते. १० ते १५ ला हाच प्रवास मिनिटाच्या आसपास आटोपतो. १७ च्या वर माणूस एका मिनिटाच्या आत हातापायांवरचा ताबा गमावतो, झटके येतात, पुढे बेशुद्धी आणि मृत्यू. ज्या प्रमाणाला आग विझायला सुरुवात होते, त्याच्या निम्म्यावरच माणूस विझलेला असतो.

लोकांचा समज असतो, की हा वायू ऑक्सिजनला हुसकावतो आणि माणूस गुदमरतो. अर्धंच खरं. ३४ टक्के कार्बन डायऑक्साइड भरलेल्या खोलीत ऑक्सिजन किती उरतो? २०.९ चा ६६ टक्के, म्हणजे सुमारे १३.८. समुद्रसपाटीवर १३.८ टक्के ऑक्सिजन छातीला जेवढा मिळतो, तो लेहच्या हवेत मिळणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा किंचित जास्तच आहे. लेहला आपल्याकडचे हजारो पर्यटक विमानाने उतरतात, पहिला दिवस डोकं धरून झोपतात आणि दुसऱ्या दिवशी फोटो काढत हिंडतात. ऑक्सिजनच्या कमतरतेनेच मरायचं असतं, तर या खोलीत कुणी मेलं नसतं.

मारतो तो कार्बन डायऑक्साइड स्वतः. एरवी फुप्फुसाच्या पिशव्यांमध्ये त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटर असतो आणि रक्तातला दाब त्याहून थोडा जास्त, म्हणून तो रक्तातून बाहेर पडतो. ३४ टक्क्यांच्या खोलीत हवेतलाच दाब अडीचशे मिलिमीटरच्या वर. उतार उलटा होतो. प्रत्येक श्वासाबरोबर वायू बाहेर जाण्याऐवजी रक्तात घुसतो. शरीराच्या पडद्यांमधून तो ऑक्सिजनच्या वीसपट सहजतेने झिरपतो, मेंदूपर्यंत पोचायला त्याला वेळ लागत नाही. रक्त आंबट होत जातं, आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र हुकूम सोडतं: जोरात श्वास घे. हा हुकूम एरवी जीव वाचवतो. इथे तोच घात करतो, कारण खोल श्वास म्हणजे आणखी वायू. दोन-चार श्वासांत गुडघे वाकतात. आणि हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे माणूस जिथे कोसळतो, तिथे त्याची दाटी सर्वात जास्त.

आता मृतांची यादी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००० साली कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशमन यंत्रणांचे अपघात एकत्र केले. १९७५ पासूनच्या काळातल्या ५१ नोंदी सापडल्या: ७२ मृत्यू, १४५ जखमी. त्याआधीच्या ११ नोंदी मिळवल्या, की मृतांचा आकडा ११९. पण या अहवालातली खरी मेख मृतांच्या संख्येत नाही. बहुतेक अपघात यंत्रणेच्या किंवा तिच्या आसपासच्या दुरुस्ती-देखभालीच्या वेळी झाले. आग लागलेलीच नव्हती.

ही गोष्ट मला वायूंच्या सगळ्या टक्केवारीपेक्षा मोठी वाटते, म्हणून तिच्यापाशी थांबतो.

२८ जुलै १९९८, अमेरिकेतलं आयडाहो. अणुसंशोधन केंद्राच्या एका इमारतीत विजेच्या उपकरणांच्या देखभालीसाठी १३ माणसं आत. वीजप्रवाह बंद करताना यंत्रणा अचानक सुटली, इशारा वाजलाच नाही. एकाचा मृत्यू, बाकीच्यांतले काही मरणाच्या दारातून परत आले. १३ मार्च २०१६, बँकॉक. एका मोठ्या बँकेच्या मुख्यालयाच्या तळघरात अग्निशमन यंत्रणेचंच काम चालू होतं. आग विझवणारं एरोसोल, म्हणजे बारीक कणांचा ढग, सुटलं आणि आठ माणसं गेली. मे २०१९, चीनचा शानतोंग प्रांत. बंदरात दुरुस्तीला लागलेल्या मालवाहू जहाजात कार्बन डायऑक्साइड सुटला. १० मृत, १९ जखमी. मग जपान: डिसेंबर २०२० मध्ये नागोयातल्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये एक, जानेवारी २०२१ मध्ये टोकियोत दोन, आणि १५ एप्रिल २०२१ ला टोकियोच्याच शिंजुकू भागात, एका निवासी इमारतीच्या भूमिगत पार्किंगमध्ये छताचे तक्ते बदलणारे चार कामगार. पाच महिन्यांत सात. जपान सरकारने त्यानंतर अशा पार्किंगचे नियम कडक केले. यातल्या एकाही ठिकाणी विझवण्याजोगी आग नव्हती.

या यादीत मुंबईही आहे. ७ मार्च २०१४, माझगाव डॉक. नौदलाची नवी विनाशिका ‘कोलकाता’ अजून ‘यार्ड ७०१’ याच नावाने ओळखली जात होती, यंत्रांच्या चाचण्या चालू होत्या. तिच्या कार्बन डायऑक्साइड यंत्रणेत बिघाड झाला, वायू सुटला, आणि नौदलाच्या एका कमांडरचा जीव गेला. पाच महिन्यांनी, १६ ऑगस्टला, तीच नौका मुंबईतच थाटामाटात नौदलात दाखल झाली. पेपरांत क्षेपणास्त्रांचे, रडारचे आकडे रकाने भरून आले. आग विझवण्याच्या यंत्रणेने घेतलेला बळी त्या दिवशी फारसा कुणाला आठवला नसावा.

सगळ्यात मोठा आकडा पाणबुडीतला आहे, आणि तिचाही भारताशी थेट संबंध. रशियाची ‘नेर्पा’ ही अणुपाणबुडी भारताला भाड्याने द्यायचं ठरलं होतं. ८ नोव्हेंबर २००८ ला जपानच्या समुद्रात तिच्या चाचण्या चालू असताना आत २०८ माणसं होती. तिचा नेहमीचा खलाशीवर्ग ७३ च्या आसपासचा. बाकीचे बहुतेक कारखान्याचे तंत्रज्ञ, अभियंते, चाचण्यांचे निरीक्षक. जिथे ७३ जणांनी राहायचं, तिथे जवळजवळ तिप्पट माणसं. रात्री अग्निशमनाचा वायू सुटला. नियमाप्रमाणे तो हॅलॉनच्या जातीचा (हॅलॉनबद्दल पुढे येईलच) असायला हवा होता. तपासात त्यात टेट्राक्लोरोइथिलीन सापडलं. कपडे ड्राय-क्लीन करायला आणि धातूवरचं ग्रीस धुवायला वापरतात ते हे द्रावण, आणि त्याची वाफ हुंगली की मेंदू सुन्न होतो. २० माणसं मेली, त्यांतली १७ नौदलाबाहेरची होती. पाणबुडीला मात्र काहीच झालं नाही. अणुभट्टी शाबूत, कवच शाबूत, स्वतःच्या बळावर ती बंदराला परत आली. एका खलाशाने बटणं दाबली म्हणून खटला भरला गेला. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं. पुढे २०१२ मध्ये ही पाणबुडी विशाखापट्टणमला आली, ‘आयएनएस चक्र’ या नावाने नौदलात राहिली आणि २०२१ मध्ये रशियाला परत गेली.

आयडाहोपासून ‘नेर्पा’पर्यंत वर एकेक करून सांगितलेल्या अपघातांतले मृत्यू मोजले तर ४७ भरतात. तेवढ्या सगळ्या ठिकाणी मिळून आगीने मेलेली माणसं: शून्य.

कार्बन डायऑक्साइड जुना आणि स्वस्त, म्हणून त्याच्याबद्दल इतकं. माणसाने याहून वाईट प्रयोगही केले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्बन टेट्राक्लोराइड भरलेले काचेचे गोळे घरांत, गॅरेजांत टांगलेले असत. आग दिसली की फेकून फोडायचे. तापलेल्या धातूवर हे द्रावण पडलं की त्यातून फॉस्जिन तयार होतो. पहिल्या महायुद्धात रासायनिक अस्त्रांनी जेवढी माणसं मेली, त्यांतल्या सुमारे ८५ टक्क्यांच्या मृत्यूचं खापर ज्याच्यावर फोडतात, तोच हा फॉस्जिन.

मग आला हॅलॉन १३०१, आणि त्याने खरोखर कमाल केली. हवेत नुसतं ५ टक्के प्रमाण, आणि आग विझते. एवढ्या प्रमाणात माणूसही उभा राहू शकतो. विमानं, रणगाडे, कॉम्प्युटर रूम, सगळीकडे तो पोचला. त्याचा दोष आभाळात निघाला: ओझोनचा थर खाण्यात तो त्या काळच्या फ्रिजच्या वायूपेक्षा दहापट खादाड. माँट्रियल कराराने श्रीमंत देशांतलं त्याचं उत्पादन १९९४ पासून थांबवलं. त्याची जागा घ्यायला आले ते एफएम-२०० आणि नोव्हेक. आज पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सर्व्हर रूममध्ये, बँकेच्या डेटा सेंटरमध्ये, इस्पितळाच्या एमआरआयशेजारच्या पॅनल रूममध्ये यांचे लाल सिलिंडर उभे असतात. धंद्याच्या भाषेत यांना ‘क्लीन एजंट’ म्हणतात. वस्तूंच्या दृष्टीने ते खरोखर क्लीन आहेत: विझवून झाल्यावर पुसायला काही उरत नाही.

माणसाच्या दृष्टीने हिशेब असा. एफएम-२०० खोलीत साधारण ७ टक्के सोडतात, तोही दहा सेकंदांत. ९ टक्क्यांपर्यंत हृदयावर वाईट परिणाम दिसत नाही, १०.५ ला दिसायला लागतो. हे आकडे कुठून आले, ते ऐकण्यासारखं आहे. बीगल जातीच्या कुत्र्यांना वायू हुंगवत असताना ॲड्रेनालिन टोचून, हृदयाचे ठोके कधी बिघडतात ते पाहिलं गेलं. ॲड्रेनालिन का? कारण आगीच्या प्रसंगी माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाच्या रक्तात तेच उसळलेलं असतं. भीती गृहीत धरूनच सुरक्षित आकडा काढलेला आहे, हे मला या शास्त्राचं सर्वात शहाणं पाऊल वाटतं.

७ आणि ९, मध्ये दोन टक्क्यांचं अंतर. ते अंतर किती पातळ आहे, हे दहा बाय दहाच्याच खोलीत पाहू. या खोलीला ७ टक्क्यांसाठी सुमारे साडेपंधरा किलो एफएम-२०० लागतो. सिलिंडर बसला, चाचणी झाली, प्रमाणपत्र मिळालं. सहा महिन्यांनी कंपनीला यूपीएससाठी कोपरा हवा झाला. जिप्समचं पार्टिशन पडलं, खोलीचा पाव भाग पलीकडे गेला. सिलिंडर तोच, नोझल तेच. आता तोच वायू पाऊण खोलीत सुटेल, आणि प्रमाण होईल ९.१ टक्के. कुणी व्हॉल्व्हला हात लावला नाही, कुणी वायू वाढवला नाही. सुताराने रेषा ओलांडली. आपल्याकडच्या कचेऱ्यांत पार्टिशनं किती सहज पडतात आणि हलतात, हे सांगायला नकोच.

हे झालं आग नसतानाचं. आग असेल तर आणखी एक खातं उघडतं. एफएम-२०० च्या रेणूत फ्लोरिनचे सात अणू असतात. ज्वाळेच्या उष्णतेत रेणू फुटला, की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं: डोळे, घसा, फुप्फुस जाळणारं आम्ल. त्याची ‘जिवाला तात्काळ धोका’ पातळी दहा लाखांत ३० भाग. ७ टक्के म्हणजे दहा लाखांत ७० हजार भाग. त्यातल्या हजारातला फक्त एक रेणू फुटला आणि सातांतला एकच फ्लोरिन मोकळा झाला, तरी दहा लाखांत ७०. मर्यादेच्या दुपटीहून जास्त. म्हणूनच वायू दहा सेकंदांत सोडतात. आग जितकी लहान असताना विझेल, तितकं आम्ल कमी. निष्काळजीपणाने ठेवलेला डिटेक्टर अर्धा मिनिट उशिरा जागा झाला, तर फरक नुसता जळालेल्या केबलींचा राहत नाही. आग विझल्यावरही ती खोली हवा खेळती होईपर्यंत बंदच ठेवायची, यामागचं कारण हेच.

तिसरी जात निष्क्रिय वायूंची. त्यातलं इनर्जेन मला फार हुशार वाटतं. ५२ टक्के नायट्रोजन, ४० टक्के आर्गॉन आणि ८ टक्के, चक्क, कार्बन डायऑक्साइड. खोलीतला ऑक्सिजन १२.५ टक्क्यांच्या आसपास आणायचा. बहुतेक ज्वाळा १५ च्या खाली तग धरत नाहीत. १२.५ म्हणजे सुमारे ४१०० मीटर उंचीवरची हवा, रोहतांग खिंडीपेक्षा थोडी वरची. एवढ्यात माणूस गोंधळू शकतो, म्हणून ती कार्बन डायऑक्साइडची चिमूट: तिच्यामुळे मेंदू खोल श्वासाचा हुकूम सोडतो आणि कमी ऑक्सिजनमध्येही रक्ताला पुरेसा मिळतो. ३४ टक्क्यांच्या खोलीत जी प्रतिक्षिप्त क्रिया घात करते, तीच इथे दोन-तीन-चार टक्क्यांना तारते. मात्र हे वायू २०० किंवा ३०० बार दाबाखाली भरलेले असतात. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास. सुटताना आवाज कानठळ्या बसवणारा. १० सप्टेंबर २०१६ ला बुखारेस्टमध्ये एका बँकेने अशी यंत्रणा चाचणी म्हणून सोडली. आवाज १३० डेसिबलच्या वर गेला आणि त्याच्या कंपनाने डझनावारी हार्ड डिस्क निकामी झाल्या. बँकेची कार्ड आणि एटीएम काही तास बंद. वायूने कुणी गुदमरलं नाही, हिशेबाची यंत्रं मात्र बहिरी झाली.

आणि शेवटी पांढरी पावडर, जी आपल्याकडे सर्वाधिक. एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट, खतातही वापरतात ते. सहा किलोचा बाटला घ्या. कणाचा सरासरी व्यास २० मायक्रॉन धरला, तर आत सुमारे ८० हजार कोटी कण असतात. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला शंभर. बंद दहा बाय दहाच्या खोलीत हा बाटला रिकामा झाला, तर घनमीटरमागे दोनशे ग्रॅमच्या वर पावडर पडते. यातली बहुतेक जड, काही मिनिटांत जमिनीवर बसणारी. त्यातली नुसती एक टक्का १० मायक्रॉनहून बारीक निघाली आणि तरंगत राहिली असं धरू. तरी घनमीटरमागे २१ लाख मायक्रोग्रॅम. आपल्या हवेच्या मानकात चोवीस तासांची मर्यादा आहे १००. म्हणजे एकवीस हजार पट. दिल्लीचा हिवाळासुद्धा या आकड्यापुढे स्वच्छ वाटेल.

या पावडरने माणूस सहसा मरत नाही. खोकला, डोळ्यांची आग, घशाला कोरड, काही तासांत उतरतं. दमा असलेल्यांची गोष्ट वेगळी; त्यांच्या श्वासनलिका आवळतात, त्यांना लगेच बाहेर काढावं आणि गरज पडली तर दवाखान्यात न्यावं. पण पावडरचा खरा धोका दिसण्यात आहे. बंद जागेत क्षणात पांढरा अंधार होतो, आणि अंधार म्हणजे धूर, धूर म्हणजे आग, असं डोकं चालतं. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात हावडा–अमृतसर मेलच्या जनरल डब्यात कुणीतरी एक्स्टिंग्विशर सोडला. आग लागल्याची आवई उठली, लोकांनी गाडीतून उड्या टाकल्या, वीसेक जण जखमी झाले. त्याच्या आदल्या वर्षी तिरुपती–सिकंदराबाद वंदे भारतच्या शौचालयात एका विनातिकीट प्रवाशाने विडी-सिगारेट पेटवली. एरोसोल आपोआप सुटलं, डबा धुरकटला, गाडी थांबवून त्याला बाहेर काढावं लागलं. यंत्रणेने तिथे नेमून दिलेलं काम चोख केलं, असंच म्हणावं लागेल.

आता पुन्हा फ्लडिंगकडे. चांगल्या यंत्रणेत माणसासाठी राखून ठेवलेला वेळ साधारण असा असतो. छतात दोन वेगवेगळ्या झोनचे डिटेक्टर. एक जागा झाला की घंटी. दुसराही झाला की हूटर, दारावर लाल दिवा, आणि पॅनलवर उलटी मोजणी, बहुतेक ठिकाणी ३० सेकंदांची. दाराजवळच्या ‘ॲबॉर्ट’ बटणावर कुणी बोट दाबून धरलं तर मोजणी थांबते. तीस सेकंदांत सावकाश चालणारा माणूसही ३५ मीटर जातो. सर्व्हर रूम एवढ्या लांब नसतात. हे तीस सेकंद पुरेसे आहेत, फक्त ते मिळाले पाहिजेत. शिडीवर चढलेल्या, छताचा तक्ता हातात धरलेल्या, कानाला ड्रिल लागलेल्या माणसाला ते मिळत नाहीत. आयडाहोत हूटर वाजलाच नाही.

आणि जो आत कोसळतो, त्याच्यामागे दुसरा धावतो. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली असतात, असं नायोशने १९८६ मध्ये लिहून ठेवलं. विहिरीतली मोटार काढायला उतरलेला एक, त्याला वर काढायला उतरलेला भाऊ, मग शेजारी: ही बातमी मराठी पेपरांत दर उन्हाळ्यात येते. तिथे वायू निसर्गाचा, इथे सिलिंडरातला, एवढाच फरक.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये इमारतीने अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. सोसायट्यांच्या बोलण्यात तो ‘बी फॉर्म’. म्हणजे वर्षातून दोनदा कुणीतरी शिडी लावून या सिलिंडरांशी, डिटेक्टरांशी, वायरींशी खेळतं. शिवाय एसीवाला, केबलवाला, रंगारी, पार्टिशनवाला वेगळे. त्या दिवशी यंत्रणा आधी आयसोलेट करायची असते: सिलिंडर उघडणारा सोलेनॉइड किंवा ॲक्चुएटर त्याच्या डोक्यावरून प्रत्यक्ष उतरवून बाजूला ठेवायचा, दारावर फलक लावायचा, पॅनलसमोर एक माणूस बसवायचा, काम संपलं की उलट्या क्रमाने जोडायचं. पॅनलवरचं नुसतं बटण फिरवणं म्हणजे आयसोलेशन नव्हे, हे जाणता तंत्रज्ञ शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी सांगतो. ॲक्चुएटर उतरवायला पाना आणि दहा मिनिटं लागतात. ज्या खोलीत हे झालेलं नाही, तिथे रंगाऱ्याने शिडी लावू नये. आणि ते झालंय की नाही, हे रंगाऱ्याने विचारलं तर त्याला हसू नये.